कॅनडात पीआर (कायमचे रहिवासी) म्हणून पहिल्यांदा उतरताना: काउंटरवर काय सांगायचं आणि कोणते कागद जवळ ठेवायचे

सीओपीआर, म्हणजे उतरताना दाखवायचा पीआर मंजुरीचा कागद, आला, पासपोर्टवर व्हिसा चिकटला की घरात पेढे वाटले जातात आणि सगळं पार पडलं असं वाटतं. पण पीआर तुम्ही तेव्हा होता, जेव्हा कॅनडाच्या सीमेवरचा अधिकारी तुमचे कागद तपासून, चार प्रश्न विचारून तुम्हाला आत घेतो. गेली काही वर्षं टोरोंटोच्या आसपास नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांचे कागद मी बघतेय. अडकणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. उतरताना जे सांगायला हवं होतं ते राहून जातं, आणि नंतर सांगून उपयोग होत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते लग्न. अर्ज केला तेव्हा मुलगा अविवाहित असतो. सीओपीआर येतो, निघायला तीन महिने असतात, आणि घरचे म्हणतात, ‘लग्न करूनच जा, मग तिला बोलावून घे.’ इकडे अधिकारी विचारतो, अर्ज केल्यानंतर कुटुंबात काही बदल झालाय का? कुणीतरी बजावून ठेवलेलं असतं की काही बोलू नकोस, परत पाठवतील. तो ‘नाही’ म्हणतो. पुढे बायकोला बोलावण्याचा अर्ज (स्पॉन्सरशिप) भरला की लग्नाची तारीख आधीची आणि उतरल्याची नंतरची, हे कागदच सांगतात. इमिग्रेशन नियमावलीत 117(9)(डी) हे कलम आहे. तुम्ही पीआर होताना कुटुंबातली जी व्यक्ती दाखवली नाही आणि म्हणून तपासली गेली नाही, तिला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे जवळची नातेवाईक म्हणून, आणायची वाट सहसा बंद होते. मधल्या काळात जन्मलेल्या बाळालाही हेच लागू. वर खोटी माहिती दिली म्हणून त्याचा स्वतःचा पीआर धोक्यात येतो, ते वेगळंच.

‘अजून रजिस्टर केलं नाही, म्हणजे कागदावर अविवाहितच’, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पहिल्याच फोनवर विचारते. हिंदू विवाह विधीपूर्वक लागला की तो कायद्याने झाला. नोंदणी राहिली म्हणून तो रद्द ठरत नाही, हे हिंदू विवाह कायद्यातच लिहिलंय. तेव्हा लग्न, बाळ, घटस्फोट, जे काही झालं असेल ते विमानात बसायच्या आधी आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) वेबफॉर्मवरून कळवा आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. प्रकरण लांबेल, वैद्यकीय तपासणी नव्याने होईल, नोकरी सोडून बसला असाल तर जीव टांगणीला लागेल. तरीही थांबा.

दुसरा घोळ तारखेचा. सीओपीआरवरची तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंत कॅनडात पाऊल पडलं पाहिजे. त्या दिवशी मुंबईहून निघून चालत नाही. ही तारीख बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणीवरून ठरते (तिची मुदत 12 महिने), किंवा पासपोर्ट आधी संपत असेल तर त्यावरून. ती वाढवून मिळेल असं गृहीत धरू नका. मुख्य अर्जदाराच्या आधी बायको-मुलं उतरू शकत नाहीत. बरोबर या किंवा मागून या. आणि सगळी तपासणी कॅनडातल्या पहिल्या विमानतळावर होते. तिकीट कॅलगरीचं असलं आणि विमान टोरोंटोला बदलत असलं, तर रांग टोरोंटोला लागते. पुढच्या विमानाला चार तास तरी ठेवा, आणि मूळ कागद हातातल्या पिशवीत.

आता सोनं. नव्याने स्थायिक होणाऱ्याला स्वतःच्या, वापरलेल्या वस्तू करमुक्त आणता येतात, पण त्यांची यादी पहिल्या वेळीच द्यावी लागते. फॉर्मचा नंबर बीएसएफ186. याद्या दोन: आत्ता बरोबर आणलेलं आणि मागून येणार असलेलं. दुसरी यादी कुणी करतच नाही. ‘आत्ता नाही आणत, आईच्या लॉकरमध्ये आहे’, असं म्हणून विषय मिटतो. दोन वर्षांनी तेच दागिने घेऊन येताना यादीत नाव नसेल तर ड्युटी आणि कर मागितला जाऊ शकतो. आज काहीच आणत नसलात तरी मागून येणाऱ्या सामानाची यादी द्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

एका ताईंनी यादीत एकच ओळ लिहिली होती: ‘सोने, 22 तोळे’. त्यावरून कुठली वस्तू ओळखणार? आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि एकेक लिहिलं. मंगळसूत्र, दोन वाट्या, काळे मणी, वजन ग्रॅममध्ये. पाटल्या दोन. तोडे, ठुशी, नथ. प्रत्येकाचा फोटो, आणि सराफाकडून इंग्रजीत किंमत लिहिलेलं पत्र. दीड तास गेला. विमानतळावर पाच मिनिटांत शिक्का बसला.

पैसे कितीही आणा, पण 10,000 कॅनडियन डॉलर किंवा त्याहून जास्त असतील तर सांगायलाच हवेत. यात डिमांड ड्राफ्टही धरतात. ‘रोख नाही, ड्राफ्ट आहे’ म्हणून गप्प बसणाऱ्यांचे पैसे जप्त होऊ शकतात. सांगितल्यावर कर वगैरे काही लागत नाही.

पीआर कार्ड येतं ते कॅनडातल्या पत्त्यावरच. पत्ता द्यायला 180 दिवस आहेत. त्यानंतर दिलात तर नवा अर्ज आणि फी. या 180 दिवसांचा अर्थ पुष्कळ जण ‘सहा महिन्यांत राहायला या’ असा लावतात. राहण्याची अट वेगळी आहे: पाच वर्षांत 730 दिवस, सलग नसले तरी चालतात. आठवडाभर उतरून परत जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तो व्हिसा एकदाच चालतो. कार्ड हातात नसेल तर परत येताना विमानात बसू देत नाहीत, आणि भारतातून प्रवासाचा वेगळा कागद, पीआरटीडी, काढत बसावं लागतं.

सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयात पासपोर्ट आणि सीओपीआर दाखवून फुकट मिळतो, त्यात काही अडत नाही. अडतं ते ऑन्टारियो प्रांताच्या हेल्थ कार्डाला, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाला. इथे राहता याचा पुरावा हवा आणि तो ज्याच्या-त्याच्या नावाचा हवा. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, बँक खातं नवऱ्याचं, वीजबिल नवऱ्याचं. बायको काउंटरवर उभी राहते आणि तिच्या नावाचा एकही कागद निघत नाही. दोघी-तिघी तिथेच रडवेल्या झालेल्या मी पाहिल्यात, आणि काउंटरवर ‘नेक्स्ट’ म्हणण्यापलीकडे कुणी काही समजावत नाही. म्हणून भाडेकरारावर दोघांची नावं घाला. नातेवाइकांकडे उतरला असाल तर पहिल्याच आठवड्यात दोघांचं खातं उघडा आणि स्टेटमेंट पोस्टाने मागवा. बँकेची पावती चालत नाही. ऑन्टारियोत हेल्थ कार्डासाठी तीन महिने थांबण्याची अट 2020 साली गेली, पण ब्रिटिश कोलंबियात उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. तिथे जाणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांचा खासगी विमा घ्यावा.

मुलं असतील तर लसीकरणाचं कार्ड आणा, झेरॉक्स नको, मूळ. ऑन्टारियोच्या शाळांना गालगुंडाच्या लसीचीही नोंद लागते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एमआर (गोवर-रुबेला) देतात, त्यात ती नसते. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर (गालगुंडासकट तिन्हींची) दिली असेल तर तारीख, सही, शिक्का घेऊनच निघा.