सर्व्हर दुसऱ्या देशात नेला तर गुगल रँकिंग खरंच पडतं का?

होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ठेवलेली असते ती जागा) बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, की सर्व्हर दुसऱ्या देशात गेला तर गुगलमध्ये साइट खाली जाणार का? भीती अगदीच बिनबुडाची नाहीये, पण भलत्याच ठिकाणी जाऊन बसलीये. लोक सर्व्हर कुठल्या शहरात घ्यायचा यावर आठवडेच्या आठवडे डोकं लावतात आणि ज्या गोष्टींमुळे ट्रॅफिक खरंच झोपतं तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आधी देशाचं बघू. साइट कुठल्या देशातल्या लोकांसाठी आहे हे ठरवताना गुगल सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बघतं, हे खरंय, त्यांच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते लिहिलंय, पण तिथेच पुढे असंही आहे की बऱ्याच साइट सीडीएनवर (जगभर पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर) असतात किंवा जिथे होस्टिंग चांगलं मिळतं अशा देशात ठेवलेल्या असतात, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नाही. याच्यापेक्षा डोमेनचं शेपूट कितीतरी जास्त बोलतं, म्हणजे डॉट डीई असेल तर जर्मनी, डॉट एफआर असेल तर फ्रान्स (डॉट आयओ, डॉट टीव्ही वगैरे शेपटं मात्र गुगल कुठल्या एका देशाची न मानता डॉट कॉमसारखीच धरतं). मग एचआरईएफलँग टॅग (पान कुठल्या भाषेसाठी, देशासाठी आहे ते सांगणारा), पानावरची भाषा, पत्ता, फोन नंबर, चलन, कुठल्या साइटवरून लिंक येतात, हे सगळं. एवढं सगळं एका देशाकडे बोट दाखवत असेल तर सर्व्हर कुठे ठेवलाय याने फारसा फरक पडत नाही.

आता अंतर. इथे मात्र फिजिक्स आडवं येतं आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर १०,००० किलोमीटर लांब असेल तर जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०, झाले १००, आणि तेही केबल सरळ रेषेत टाकलीये असं धरून, जी कधीच तशी नसते. १०० मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण एक पान उघडायला अशी एकच फेरी लागत नाही ना! आधी टीसीपी कनेक्शनची (सर्व्हरशी जोडणी करायची) एक फेरी, मग टीएलएसची (ती जोडणी सुरक्षित करायची) एक (जुनं १.२ व्हर्जन असेल तर दोन), मग पान मागायची एक, म्हणजे पहिला बाइट हातात पडेपर्यंतच ३०० मिलिसेकंद गेले, सर्व्हरने विचार करायला घेतलेला वेळ वेगळा. आणि सर्व्हर सगळं एकदम पाठवत पण नाही, सुरुवातीला साधारण १० पॅकेट, म्हणजे १४ केबीच्या आसपास, त्याची पोच आली की २०, मग ४०, असं दुप्पट करत जातो. २०० केबीची फाइल अशी चार हप्त्यात येते, पहिला हप्ता पान मागायच्या फेरीतच येतो, म्हणजे अजून तीन फेऱ्या. हाच सर्व्हर ५०० किलोमीटरवर असेल तर एक फेरी ५ मिलिसेकंदांची, सगळा हिशोबच बदलतो.

याचा रँकिंगशी संबंध स्पीडमधून येतो. २०१० मध्ये गुगलने जाहीर केलं की साइटचा स्पीड रँकिंगमध्ये धरणार, २०१८ मध्ये तेच मोबाइल सर्चला लागू झालं, आणि २०२१ पासून कोअर वेब व्हायटल्स (पान वापरण्याचा अनुभव मोजणारे गुगलचे आकडे) आले. त्यात पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, आणि १०० पैकी निदान ७५ वेळा तरी दिसला पाहिजे असं गणित आहे. पण हा वेळ क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांकडून मोजला जातो, गेल्या २८ दिवसांच्या डेटावर. म्हणून "गुगलबॉट अमेरिकेतून येतो, तर सर्व्हर अमेरिकेतच घ्या" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. हा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो हे बरोबर, पण हा आकडा तुमच्या वाचकांच्या फोनवर तयार होतो, त्यामुळे सर्व्हर वाचकांच्या जवळ हवा. वाचक जगभर पसरलेले असतील तर सीडीएन घ्या. फोटो, स्क्रिप्ट जवळच्या केंद्रातून जातात, आणि पान मूळ सर्व्हरवरून आणावं लागलं तरी टीसीपी आणि टीएलएसच्या फेऱ्या जवळच्या जवळ उरकतात. आणि तरीही, स्पीड हा लहान घटक आहे, कंटेंट कामाचा नसेल तर फास्ट सर्व्हर काही वर चढवणार नाही.

मग होस्टिंग बदलल्यावर साइट्स आपटतात त्या का? बहुतेक वेळा शिफ्टिंगच्या गडबडीत काहीतरी मोडतं म्हणून.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी सांगणारी यंत्रणा, तिथून सुरू करू. प्रत्येक रेकॉर्डला टीटीएल असतो, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा. तो ८६४०० असेल तर आयपी बदलल्यावरही दिवसभर काही लोक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. म्हणून आठवडाभर आधीच तो ३०० वगैरे करून ठेवायचा, ऐनवेळी कमी करून उपयोग नाही कारण जुना आकडा सगळीकडे आधीच साठलेला असतो. आणि ए रेकॉर्ड (जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याचा) बदलताना एएएए रेकॉर्ड, म्हणजे नवीन पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्याचा, विसरू नका, तो तसाच राहिला तर काही लोकांना नवीन साइट दिसते आणि काहींना जुनी, आणि तुम्हाला स्वतःला दिसत असेल नवीन तर पत्ताच लागत नाही. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, त्याच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदीत) लोक आणि गुगलबॉट दोघंही यायचे थांबले की मगच करा.

दुसरं म्हणजे टेस्टिंगच्या वेळी लावलेली कुलुपं. नवीन सर्व्हरवर साइट तयार होत असताना ती सर्चमध्ये येऊ नये म्हणून नोइंडेक्स टॅग टाकतात किंवा रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने काय वाचायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) सगळं बंद करतात, आणि लाइव्ह करताना तेच तसंच पुढे जातं. ब्राउझरमध्ये साइट एकदम छान दिसते, कुठेही एरर नाही, आणि इकडे एकेक पान गुगलच्या इंडेक्समधून, म्हणजे सर्चच्या यादीतून, गळायला लागतं. रोबोट्स फाइल गुगल साधारण २४ तासांपर्यंत साठवून ठेवतं, त्यामुळे चूक दुरुस्त केली तरी लगेच कळेलच असं नाही. ही फाइल मागितल्यावर सर्व्हरने ५०० किंवा ५०३ (म्हणजे सर्व्हरच्या बिघाडाचा) एरर दिला तर गुगल पूर्ण साइटचंच क्रॉलिंग, म्हणजे पानं वाचणं, काही काळ थांबवतं.

तिसरं फायरवॉल, म्हणजे नको ते ट्रॅफिक अडवणारी भिंत. नवीन होस्टिंगचं बॉट प्रोटेक्शन कधीकधी गुगलबॉटलाच ४०३ (प्रवेश नाही) देऊन परत पाठवतं, आणि गुगल ४०३ चा अर्थ "हे पान नाही" असाच घेतं. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीची गुगलची सेवा) यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, तपासायचं टूल आहे, तिथे लाइव्ह टेस्ट मारली की बॉटला नक्की काय मिळतंय ते कळतं. साइट हलवल्या हलवल्या चार-पाच महत्त्वाच्या पानांवर हे करायलाच पाहिजे.

फक्त होस्टिंग बदलत असाल आणि पानांचे पत्ते तेच असतील तर रिडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची) गरजच नाही. लोक त्याच दिवशी डिझाइनही बदलतात, यूआरएलही बदलतात, आणि मग ट्रॅफिक पडलं की कशामुळे पडलं ते शोधता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट करा. यूआरएल बदलणारच असतील तर ३०१ रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा.

हलवल्यानंतर लगेच क्रॉलचा ग्राफ खाली आला तर घाबरू नका. नवीन सर्व्हर किती भार झेलतो याचा अंदाज घेत गुगल हळूहळू वेग वाढवतं, थोड्या दिवसांत तो पूर्वीइतका होतो, कधी जास्तही. सर्च कन्सोलच्या क्रॉल स्टॅट्समध्ये सरासरी रिस्पॉन्स टाइम दिसतो, तो हलवायच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. वाढलेला असेल आणि क्रॉल आठवड्या-दोन आठवड्यांनीही वर आला नसेल तर आधी डेटाबेस, कॅशिंग आणि सर्व्हरची रॅम तपासा, बऱ्याचदा घोळ तिथेच असतो आणि तो सर्व्हरचं शहर बदलून जात नाही.