एक्स्चेंज ऑफर वेगळी आणि कंपनीची रिसायकलिंगची जबाबदारी वेगळी

दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं, "जुना फ्रिज कंपनीच घेऊन गेली, आता रिसायकल होईल". तसं होईलच असं नाही हो. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत.

एक्स्चेंज म्हणजे सरळ सौदा. जुनं द्या, नव्याच्या बिलात हजार-दोन हजार कमी करून घ्या. टेम्पोतून दोन पोरं येतात, मशीन खाली उतरवतात, आणि आपल्या हातात राहतं फक्त बिलावरचं "एक्स्चेंज डिस्काउंट". मशीन पुढे कुठे गेलं ते त्यात नसतं. चालू वस्तू रिपेअर होऊन सेकंड हँडमध्ये जाते, आणि ते चांगलंच आहे, चालता फोन अजून दोन-तीन वर्षं कोणी वापरला तर रिसायकलिंगपेक्षा बरंच की. प्रश्न मेलेल्या वस्तूचा आहे, कारण तिचे कामाचे पार्ट निघाले की उरलेलं भंगारात.

कंपनीची जबाबदारी, ज्याला सगळे ईपीआर (एक्स्टेंडेड प्रोड्युसर रिस्पॉन्सिबिलिटी) म्हणतात, ती मात्र कायद्याने आलीय. ई-कचरा नियम 2022, लागू 1 एप्रिल 2023 पासून. यात उत्पादक म्हणजे फक्त फॅक्टरीवाला नाही, स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा आणि बाहेरून आयात करून विकणारा पण आला. वस्तूचं सरासरी आयुष्य धरून तेवढ्या वर्षांपूर्वी किती माल बाजारात टाकला ते बघतात आणि त्यातला ठराविक हिस्सा रिसायकल झाल्याचं दाखवावं लागतं, पहिली दोन वर्षं 60 टक्के, 2025-26 पासून 70, 2027-28 पासून 80. तुम्ही नवीन काही घेताय की नाही याचा इथे काहीच संबंध नाही.

आता खरी गोची इथे आहे. कंपनी तुमचाच मिक्सर शोधत दादरला येत नाही, ती रजिस्टर्ड रिसायकलरकडून इतका कचरा रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट विकत घेते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. म्हणजे कागदावर टार्गेट पूर्ण आणि तुमचा मिक्सर अजून माळ्यावर, असं आरामात होऊ शकतं. ही सर्टिफिकेटं कवडीमोलाने जाऊ नयेत म्हणून किमान दर ठरला, घरगुती वस्तूंना किलोमागे 22 रुपये, आणि त्यावरून मोठमोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. मला तो दर योग्यच वाटतो, कारण रिसायकलिंग नीट करायचं तर खर्च येतोच, आणि तो कंपनीने नाही केला तर कुर्ला, धारावीच्या गाळ्यात तांब्यासाठी वायर जाळणाऱ्या पोराच्या छातीत तो धूर जातो. त्याला ना मास्क, ना विमा.

चार्जर उलटा करून बघा, काट मारलेली कचऱ्याची बादली छापलेली असते. ती वस्तू घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, बीएमसीच्या गाडीत तर अजिबात नाही. बऱ्याच ब्रँडच्या साइटवर कलेक्शनचा नंबर असतो, तिथे फोन करा आणि नवीन काही न घेता पण जुनं द्या. देताना रजिस्टर्ड रिसायकलरचं नाव असलेली पावती मागा, फोन असेल तर आधी डेटा पुसून सिम काढा. आणि बॅटरी फुगलेली असेल तर फोनला कुठेच टोचू नका, नेणाऱ्याला तसं आधीच सांगून ठेवा.