अनुदान हातात मिळत नाही!

‘कर्ज काढा, सरकार अनुदान खात्यात टाकतं, मग हप्ते बुडाले तरी चालतं’, असं नागपुरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे नवा उद्योग काढणाऱ्यांसाठीच्या राज्य सरकारच्या योजनेत, कर्ज बँकच देते. समजा, इतवारीतल्या एखाद्या ताईंनी १० लाखांचं मसाला युनिट काढलं. शहरातल्या महिलेसाठी अनुदान २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. स्वतःचे ५० हजार, बँकेचे ७ लाख. अनुदानाची रक्कम बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून अडकते. युनिट सुरू राहिलं, तरच ती कर्जातून वजा होते. हप्ते बुडवले तर घर चालवणारी बाईच अडकते, तिचं मला फार वाईट वाटतं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे. त्यासाठी एजंटला दमडीही देऊ नका.