शेंदराखालचा दगड आणि चव्हाट्यावरच्या आया

मृच्छकटिक या संस्कृत नाटकाच्या पहिल्याच अंकात नायक चारुदत्त घरची देवपूजा आटोपतो आणि मित्र मैत्रेयाला सांगतो, आता तू चव्हाट्यावर जाऊन मातृकांना, म्हणजे देवी-आयांना, बळी ठेवून ये. बळी म्हणजे इथे अन्नाचा घास. पण आयांना घास द्यायचा तर तो घराच्या उंबऱ्याशी का नाही, नदीकाठी का नाही, चार वाटा मिळतात तिथेच का?

हा प्रश्न गांभीर्याने घेतला दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. पेशाने गणिती, जन्म गोव्याचा, वास्तव्य पुण्यात. 1962 साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी मातृदेवतांच्या ठाण्यांवर एक अख्खा निबंध लिहिला. त्यासाठी पोथ्यांइतकाच त्यांनी पायांचा उपयोग केला. पुण्याभोवतालच्या टेकड्या आणि कार्ले-बेडसे-जुन्नरचा मुलूख ते चालत पालथा घालत, आणि शेंदूर फासलेला दगड दिसला की आजूबाजूची जमीन न्याहाळत. तिथे त्यांना अनेकदा सूक्ष्मास्त्रे सापडली, म्हणजे अश्मयुगातल्या माणसांनी कॅल्सेडोनीच्या गारेतून काढलेली बारीक पाती.

ही पाती ओळखायची कशी? लांबी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर, कडा ब्लेडसारखी. घाव बसला त्या टोकाशी एक छोटा फुगवटा असतो आणि तिथून पाण्यातल्या तरंगांसारख्या पुसट रेषा पसरतात. उन्हापावसाने आपोआप फुटलेल्या गारगोटीवर हे दोन्ही सहसा एकत्र दिसत नाही. अशी शेजारशेजारची पाच-दहा पाती आणि ती ज्यातून काढली तो गाभा मिळाला, तर तिथे कुणीतरी बसून हत्यारे घडवली होती असे धरायला हरकत नाही.

कोसंबींचे म्हणणे असे, की ही ठाणी ज्या वाटांवर आहेत त्या वाटा शेतीहून जुन्या आहेत. शिकार आणि गुरे यांच्यामागे हिंडणाऱ्या टोळ्या जिथे एकमेकींना भेटत, देवघेव करत, तिथे त्यांच्या आयांची ठाणी झाली. गावे नंतर वसली. म्हणून कितीतरी देवी गावात नसतात, शिवेवर किंवा माळावर असतात. पुढे व्यापारी तांडे त्याच वाटांनी गेले आणि बौद्ध लेणीही त्यांच्याच आसपास खोदली गेली. कार्ल्याला एकवीरा आणि बेडशाला यमाई आजही लेण्यालगतच बसलेल्या आहेत. तळकोकणात तर चव्हाटा हे देवस्थानाचेच नाव आहे.

हा तर्क मला अतिशय मोलाचा वाटतो, पण त्यात एक फट आहे. नांगरटीखालच्या शेतात पाती खाली-वर होतात, काळ्या मातीत गडप होतात. देवीच्या माळाला नांगर लागत नाही, म्हणून तिथे ती वर दिसत राहतात. मग देवी आणि पाती यांचे नाते खरे, की दोघींना फक्त पडीक जमीन मिळाली? याची परीक्षा सोपी असली तरी कष्टाची आहे. ठाण्याभोवती दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखून पाती मोजायची आणि ठाणे नसलेल्या तशाच माळावर तितकेच चौकोन मोजायचे. मोजताना पाते उचलायचे नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, जागा टिपायची. उचललेल्या पात्याला जागा उरत नाही, आणि जागा गेली की पुरावाही गेला.

शेंदूरही खरवडायचा नाही. तेलात कालवलेला शेंदूर पुटावर पूट चढत जातो आणि मूळ आकार हरवतो. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीवरचा जुना लेप काढला तेव्हा आतले रूप भाविकांना वेगळेच दिसले. पण ते काम जाणकारांच्या देखरेखीखाली, देवस्थानाच्या संमतीने झाले होते.

खरी गफलत होते ती विचारण्यात. ‘हा देव कोण?’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘शंकराचा अवतार’ हे उत्तर तयार असते. पाहुण्याला शोभेलसे उत्तर द्यावे ही माणसाची रीतच आहे. त्याऐवजी विचारावे: पालखीचा पहिला मान कुणाचा? पूजा गुरव करतो की आणखी कुणी? बकरे देवासमोर कापतात की आडोशाला, पडद्याआड? देव कुठून आला, कुणाच्या मागे आला? या उत्तरांतून देवामागची माणसे दिसू लागतात. नावावर मात्र विसंबू नये. पाण्याकाठच्या सात आसरांचे नाव अप्सरांवरून आले, म्हणून ते सात दगडही स्वर्गातून आले असे ठरत नाही. नाव उसने घेता येते.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या त्या याच कारणाने. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचे त्यांचे पुस्तक 1976 साली जर्मनमध्ये आले. मल्हारी माहात्म्य या पोथीतला खंडोबा म्हणजे मणी-मल्लांना मारायला आलेला शंकर. ओव्यांतला खंडोबा बाणाईवर भाळून तिच्या वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, चाकरीला राहतो, मेंढरे राखतो. म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक; बाणाई चंदनपुरीची धनगरीण. शिवाय रंभाई शिंपीण आणि फुलाई माळीण. ही लग्ने नकाशावर मांडली तर पेठेतला वाणी आणि रानातला धनगर एकाच देवाचे सोयरे कसे झाले ते दिसते. पोथी एकट्या देवाचे मोठेपण सांगते, ओवी त्याचे नातेगोते सांगते. अभ्यासाला दोन्ही लागतात, पण कुणाचे म्हणणे कुठले हे वहीत वेगवेगळे लिहिलेले असावे.

जेजुरीला पाहणी करायची तर थेट गडावर पोचण्याची घाई करू नये. म्हाळसा वर देवाजवळ आहे. बाणाईचे देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर, चढणीच्या अधेमधे लागते. तिथे थांबून कोण टेकतो, कोण भंडारा उधळतो आणि कोण न वळता पुढे जातो, हे तासभर मोजावे.