गल्लीतल्या दुकानात पौष्टिक काही नसतंच?

"गल्लीतल्या किराणा दुकानात वेफर्स-बिस्किटांशिवाय असतं काय?" हे सांगलीत सर्रास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीच्या मोजणीतून येतो. दारातल्या पुड्यांच्या माळा आधी दिसतात. ज्वारी, मटकी, शेंगदाणे मागे पोत्यांत असतात. आत जाऊनच मोजायला हवं.

दुकानांत पौष्टिक अन्न किती मिळतं हे मोजणारी, अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेली 'नेम्स-एस' पद्धत उपलब्धता, दर आणि दर्जा असं तिन्ही तपासते. हे उत्तमच. पण तिच्या यादीत हॉटडॉग आहे, मटकी नाही. यादी आपलीच करावी: ज्वारी, नाचणी, कडधान्यं, अंडी, दूध, केळी, पालेभाजी.

दुकानदार "संध्याकाळी येईल" म्हणाला, तर नोंद 'नाही'. दर किलोवर लिहा, शिवाय कमीत कमी किती सुटं देतात तेही; रोजंदारीवरच्या घराला १०० ग्रॅम मटकी मिळते का, हा खरा प्रश्न आहे. ब्राऊन ब्रेडच्या रंगावर जाऊ नका. घटकांच्या यादीत पहिला मैदा असेल, तर तो मैद्याचाच पाव. मेथीची जुडी सकाळी टवटवीत, संध्याकाळी पिवळी पडलेली, म्हणून दोन फेऱ्या हव्यात. एकाच दिवशी दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करावी. आकडे जुळले नाहीत, तर 'ताजी' म्हणजे काय हे आधी ठरवा.