पऱ्हाटी कुजते कशी? आमच्या कल्चरबद्दल थोडं सविस्तर

"कल्चर टाकलं, पण पऱ्हाटी तशीच आहे." कापसाची शेवटची वेचणी आटोपली, पऱ्हाटी म्हणजे शेतात उरलेल्या कापसाच्या काड्या ढिगात कुजवायला घातल्या, की ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी आमच्याकडे येतंच. काड्या कुजवायच्या या कल्चरच्या पाकिटात काय असतं आणि ते कसं काम करतं, हे कळलं तर पुढची खटपट का करायची तेही कळेल.

पाकिटात ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. ती काडी गिळत नाही. ती एन्झाइम, म्हणजे विकरं, बाहेर सोडते, ढिगातच काडीची साखर करते आणि मग ती साखर शोषून वाढते.

पऱ्हाटीत साखर कुठून आली? काडीतलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. कापसाच्या धाग्यात एकेका माळेला दहा हजारांच्या आसपास मणी असतात. ज्वारीच्या भाकरीतलं स्टार्चही ग्लुकोजचंच. घास सावकाश चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर ती माळ तोडतं. सेल्युलोजमध्ये मण्यांची गाठ वेगळी, शिवाय शेजारच्या माळा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. तिथे आपल्या लाळेचं काही चालत नाही. गायसुद्धा कुटार पचवते ते पोटातल्या जंतूंच्या जोरावर.

हे काम एकट्या विकराचं नाही. एंडोग्लुकानेज माळेवर मध्येच कुठेही घाव घालतं, त्यामुळे नवी टोकं मोकळी होतात. सेलोबायोहायड्रोलेज असं टोक पकडतं, सुईच्या नेढ्यातून धागा ओढावा तशी माळ स्वतःच्या बोगद्यातून ओढतं आणि दोन-दोन मण्यांच्या जोड्या तोडत जातं. बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडून सुटं ग्लुकोज करतं. हे तिसरं कमी पडलं तर जोड्या साचतात, दुसऱ्याचा बोगदा अडवतात आणि सगळंच काम मंदावतं. तिघांनी मिळून केलेलं काम तिघांच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं.

या बुरशीची ताकद कळली ती दुसऱ्या महायुद्धात. सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू सडत होते. तिथे सापडलेल्या बुरशीला पुढे एल्विन रीज या संशोधकांवरून ट्रायकोडर्मा रीसाय नाव मिळालं. आमच्या पाकिटातली बुरशी तिच्याच कुळातली.

आता तुमचा ढीग. पऱ्हाटीत सेल्युलोजभोवती लिग्निनचं कडक कवच असतं, त्यामुळे अख्ख्या काड्यांवर कल्चर शिंपडून फार काही होत नाही. श्रेडरमधून बारीक करा, रात्रभर भिजवा, थरांमध्ये शेणकाला घाला. काडीत नत्र फार कमी, आणि विकरं तयार करायला बुरशीला नत्र लागतंच. मूठ आवळली की बोटांमधून दोन-चार थेंब यावेत, इतकाच ओलावा ठेवा. हवा खेळावी म्हणून ढीग अधूनमधून पलटा.

नागपूरचा मे महिना मात्र सांभाळा. विकरं पन्नास अंशांनाही काम करतात, पण ती तयार करणाऱ्या बुरशीला पंचवीस-तीस अंश मानवतात. उन्हाळ्यात ढीग सावलीत घाला, वरून ओलं गोणपाट टाका. बुरशीनाशक मारलेला पंप न धुता वापरू नका. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत हे कारण बरेचदा निघालं.

पांढरी जाळी आणि तिच्यावर हिरवट ठिपके दिसले तर घाबरू नका, बुरशी नीट लागली आहे. काडी वाकवली की कट्कन न मोडता बोटांत चुरगळते का बघा. नसेल चुरगळत, तर ढिगाच्या मधली मूठभर काडी पिशवीत बांधून ठेवा आणि नागपूरच्या कळमना बाजारात माल घेऊन याल तेव्हा आम्हाला दाखवा.