ओली बनियन

डिसेंबरातली पहाट. रामटेकच्या बाजूच्या एका मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावावर, पट्टकदंब हंस उतरलेत अशी खबर होती, म्हणून आम्ही चौघे अंधारातच नागपूरहून निघालो. गाडी गावाशेजारी उभी करून दीडेक किलोमीटर धानाच्या बांध्यांमधून पायी जायचं होतं. खांद्यावर ट्रायपॉड, पाठीवर पिशवी. अंगात मी मोठ्या हुशारीने सुती बनियन, फुल बाह्यांचा सुती टीशर्ट आणि त्यावर जाडजूड जॅकेट असा बंदोबस्त केला होता. चालताना मस्त ऊब वाटत होती, थोडी जास्तच. पाळीवर पोचलो, बेशरमाच्या झुडपाआड बसलो आणि दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले. दुर्बीण इतकी हलत होती की पाण्यावरचे पक्षी हंस आहेत की बदकं, ते कळेना.

सोबतच्या काकांनी काही न बोलता माझ्या कॉलरीतून मागे हात घातला. "बनियन ओली हाय ना बे तुही. मंग थंडी वाजनच."

काकांच्या अंगावर माझ्यापेक्षा कमी कपडे होते. अंगालगत पातळ लोकरीची जुनी बनियन, वर स्वेटर आणि साधं विंडचीटर. येताना त्यांनी स्वेटर चक्क कमरेला बांधला होता आणि बसल्यावर अंगात घातला. चालताना त्यांना थंडी वाजत असणार, असं मला वाटलं होतं. वाजतच होती, आणि ती त्यांनी मुद्दाम वाजू दिली होती.

आधी घामाघूम होऊन चालायचं आणि मग तासन् तास हलायचं नाही, या कोड्यावर सगळ्यात जास्त डोकं खाजवलंय ते थंड देशांतल्या शिकाऱ्यांनी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण स्वीडन-फिनलंडमध्ये शरद ऋतूत मूस हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस, किंवा अमेरिकेत नोव्हेंबरात झाडावरच्या मचाणावर बसलेला माणूस, आणि पाळीवर कुडकुडणारा मी, आमचा प्रश्न एकच. फक्त त्याच्या हातात बंदूक असते आणि माझ्या हातात दुर्बीण. हे शिकारी जॅकेटच्या आधी अंगाला चिकटून बसणाऱ्या पहिल्या कपड्याचा विचार करतात. आपल्याकडे दुकानात त्याला थर्मल, इनर किंवा वार्मर म्हणतात आणि बहुतेक वेळा तो फक्त जाडी चिमटीत धरून विकत घेतला जातो.

आता थोडं गणित. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. बनियनीत १०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो वाळायला २४० किलोज्यूल हवेत. १०० वॉटचा बल्ब तेवढी उष्णता ४० मिनिटांत देतो. म्हणजे बसल्या बसल्या ४० मिनिटांत अंगाने जेवढी ऊब तयार केली, तेवढी सगळी एक बनियन वाळवण्यात खर्ची पडू शकते. यातली काही उष्णता आजूबाजूची हवाही देते, त्यामुळे हिशेब अगदी इतका कडक नसतो. पण पहाटेची हवा देऊन देऊन देणार किती? मग शरीर स्नायूंना कामाला लावतं. दात वाजतात ते त्यामुळेच.

ओल्या कपड्याचा दुसरा तोटा असा की पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. कपडा मुळात ऊब तयार करत नाही, तो फक्त हवा अडवून धरतो. धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की अंग आणि बाहेरचा गारठा यांच्यात पूल बांधला जातो.

आणि ही ओल सगळ्यात प्रेमाने धरून ठेवतो तो आपला कापूस. हे नागपुरात लिहिताना जरा जड जातं. इथे १ जानेवारी १८७७ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, इथेच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि आजूबाजूच्या गावांचं वर्ष अजूनही कापसाच्या भावावर चालतं. पण रसायनशास्त्राला त्याचं काय! कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि पाण्याचा रेणू त्यांना चटकन बिलगतो. वाफ तर धागा आत घेतोच, शिवाय धाग्यांमधल्या फटींत घाम साचतो आणि तिथून हलत नाही. उन्हाळ्यात याच गुणावर आपण जगतो. ४५ अंशांत अंगावरची ओली सुती बनियन म्हणजे फिरता कूलरच. डिसेंबरात बदलतो तो फक्त ऋतू, कूलर चालूच राहतो.

गंमत म्हणजे बोंडातून नुकताच काढलेला कापूस पाण्याला अजिबात जुमानत नाही. सरकी काढलेली कच्ची रुई आणि औषधाच्या दुकानातला कापूस, दोन्हींचे छोटे बोळे पाण्याच्या वाटीत टाकून बघा. रुई तरंगत राहते, दवाखान्याचा कापूस बघता बघता भिजून खाली जातो. कच्च्या धाग्यावर मेणाचा पातळ लेप असतो. कापड विणून रंगवायचं तर तो धुऊन काढावाच लागतो, आणि तो गेला की कापूस पाण्याचा मित्र होतो. रजईतल्या कापसाने मात्र कुणाला दगा दिलेला नाही. झोपेत आपण ट्रायपॉड घेऊन बांध तुडवत नसतो. कोरडा आणि पिंजलेला कापूस भरपूर हवा धरतो, म्हणून ऊबही धरतो.

लोकर पाणी शोषत नाही असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती कापसापेक्षा जास्त शोषते. मध्यम दमट हवेत कापसात वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा असतो, लोकरीत १६ टक्के, आणि हवा पुरती दमट झाली की लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेते. तरी ती कोरडीच लागते. लोकरीच्या केसावर माशासारखे खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध पापुद्रा. थेंब बाहेरून घसरतो, वाफ मात्र खवल्यांच्या फटींतून गाभ्यात शिरते. म्हणजे घाम थेंब व्हायच्या आधीच, वाफेच्या रूपात, तिथे जिरतो. शिवाय वाफ धाग्यात अडकताना थोडी उष्णता सुटते, बाष्पीभवनाच्या बरोब्बर उलट. ही देणगी थोड्या वेळापुरतीच असते. पण चालणं थांबवून बसल्यानंतरची पहिली काही मिनिटं तेवढीच बोचरी असतात. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ गेला नव्हता.

घोंगडी अंगाला टोचते ती केसाच्या जाडीमुळे. ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा केस वाकत नाही, कातडीत रुततो. मेरिनो मेंढीचा केस साधारण १५ ते २४ मायक्रॉनचा, म्हणून तो बनियनीला चालतो. मात्र किंमत ऐकून घाम फुटतो, आणि तोही पुन्हा बनियनीतच मुरतो.

पॉलिएस्टर यापेक्षा कितीतरी स्वस्त. त्याच्या धाग्यात अर्धा टक्कासुद्धा ओलावा शिरत नाही. घाम धाग्यांमधल्या बारीक नळ्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा, कापडाच्या बाहेरच्या अंगाला पसरतो आणि तिथून उडून जातो. चांगल्या कापडात धागा मुद्दाम पन्हाळीसारख्या लांब खाचांचा घडवलेला असतो, म्हणजे वात जास्त चालते. दुकानात पारख करायची तर कापडाच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो पसरून फिका डाग झाला तर कापड कामाचं. मोत्यासारखा उभाच राहिला तर ते प्लास्टिक नुसतं अंगाला चिकटणार.

पॉलिएस्टरच्या दोन खोड्या मात्र माहीत असाव्यात. त्याला घामाचा वास फार लवकर धरतो. हरणाच्या नाकाला भिणारा शिकारी म्हणून लोकर घेतो. जंगल सफारीच्या जिप्सीत शेजारी बसलेल्या मेव्हण्यासाठी आपणही विचार करायला हरकत नाही. दुसरी खोडी शेकोटीची. पॉलिएस्टर २५५-२६० अंशांच्या आसपास वितळतं आणि उडालेली ठिणगी त्याहून कितीतरी तापलेली असते. काकांच्या पुतण्याच्या नव्या थर्मलला शेकोटीने दिलेली तीन भोकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

जाळीदार बनियनीला आपण हसतो, पण १९३३मध्ये नॉर्वेच्या हेन्रिक ब्रून या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन तयार केली ती याच हेतूने. भोकांमध्ये हवा कोंडते, घामाला वाटही मिळते. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही जाळीच्या बनियनी होत्या. आपल्याकडची सुती जाळी वरून बंद कपडा घातला तर साध्या बनियनपेक्षा बरी, एवढंच. शेवटी ती सुतीच.

आता नागपूरचं. २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण एरवी पहाटे दहा-बारा आणि दुपारी अठ्ठावीस, असा आपला हिवाळा. सूर्य उगवण्याच्या सुमारास गारठा सगळ्यात जास्त, आणि साडेनऊला जॅकेट नकोसं. उणे वीस अंशांसाठी शिवलेलं जाड थर्मल इथे पैसे देऊन घाम विकत घेण्यासारखं आहे. माझ्या मते १५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारी पातळ लोकर किंवा तेवढंच पातळ पॉलिएस्टर पुरे. ते अंगाला लागून हवं; ढगळ राहिलं तर घाम धाग्यापर्यंत पोचतच नाही. वर स्वेटर, तिबेटी बाजारातला चालेल. सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. पेंचच्या सिल्लारी गेटमधून उघड्या जिप्सीत आत शिरलात, हवा ८ अंश आणि गाडीचा वेग ताशी २०, तर कॅनडा-अमेरिकेत २००१पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार उघड्या गालाला ती थंडी ५ अंशांसारखी झोंबते. तिथे तीन स्वेटरांपेक्षा एक साधं विंडचीटर जास्त कामाचं.

आणि हे काहीच हाताशी नसेल, तर एक कोरडी बनियन पिशवीत टाकावी. काकांनी त्या दिवशी मला तेच करायला लावलं, फक्त बनियन त्यांची होती. झुडपाआड उघडं होताना जे अर्धं मिनिट गेलं त्याबद्दल न बोललेलं बरं. पण पाचेक मिनिटांत दुर्बीण स्थिरावली. सतरा पट्टकदंब होते, डोक्यावरचे काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. हिमालय ओलांडून आलेले ते पक्षी चोचीने पिसांना तेल लावत निवांत तरंगत होते. त्यांचा आतला थर कोरडाच होता.

साडेनऊला मनसरजवळ गाडी थांबवून तर्री पोहे खाल्ले. माझी सुती बनियन मी गाडीच्या मागच्या काचेत, उन्हात पसरली होती. घरी पोचलो तेव्हा तिची शिवण अजून ओलीच होती.